तत्त्वचिंतन, वसाहतोत्तर मराठी

ब्रिटिश अंमल संपुष्टात आल्यानंतर (१९४७) मराठी भाषेत व मराठी भाषकांकडून जो तात्त्विक विचार झाला, त्यास स्थूलमानाने ‘वसाहतोत्तर मराठी तत्त्वचिंतन’ असे म्हणता येईल. ‘वसाहतोत्तर’ ह्या विशेषणाने येथे केवळ कालखंड सूचित होत नाही. परकीय सत्तेबरोबर आलेली ज्ञानव्यवस्था सत्ता गेल्यावरही टिकून राहते. तिच्याशी कोणते नाते ठेवावयाचे, हा प्रश्न त्या विशेषणात अभिप्रेत आहे. मराठीपुरता पाहता ह्या प्रश्नाचे तीन पदर दिसतात : तत्त्वज्ञान कोणत्या भाषेत करावयाचे, कोणत्या परंपरेच्या आधाराने करावयाचे आणि ते करण्याचा अधिकार कोणाचा. पहिल्या दोन पदरांची चर्चा मुख्यतः विद्यापीठांत झाली. तिसऱ्याची बहुतांशी विद्यापीठांबाहेर झाली. ह्या दोन चर्चा फार काळ एकमेकींपासून अलग राहिल्या, हे ह्या इतिहासाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य होय.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिका खंडातही उपस्थित झाला आणि तेथील चर्चा तुलनेसाठी उपयुक्त आहे. बेल्जियन काँगोतील मिशनरी प्लासिद टेंपल्स ह्यांनी १९४५ मध्ये बांटू लोकांच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिला. आफ्रिकी लोकांना तत्त्वज्ञानच नाही, ह्या यूरोपीय समजुतीला त्याने धक्का बसला. परंतु लोकसमजुती, म्हणी व भाषेचे व्याकरण ह्यांतून एका अख्ख्या समाजाचे एकच एक तत्त्वज्ञान काढून दाखविण्याची पद्धतही त्यातून रूढ झाली. बेनिनचे पोलाँ हुंतोंजी (१९४२–२०२४) ह्यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात ह्या पद्धतीवर कठोर टीका केली. तत्त्वज्ञान हे व्यक्तींनी जबाबदारीने मांडलेले, वादविवादास खुले असलेले लेखन असते, समाजाच्या मनात नकळत वसणारी ठेव नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. केन्याचे हेन्री ओडेरा ओरुका (१९४४–९५) ह्यांनी खेड्यापाड्यांतील विचारी वृद्धांच्या मुलाखती घेऊन, लेखनाशिवायही व्यक्तिगत चिकित्सक विचार संभवतो असे दाखविण्याचा प्रयत्न केला. घानाचे क्वासी विरेडू (१९३१–२०२२) ह्यांचा मार्ग निराळा होता. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील एखादा सिद्धांत आकान ह्या आपल्या मातृभाषेत मांडून पाहावा, तो तेथे निरर्थक किंवा पुनरुक्तीचा ठरला तर प्रश्न मुळात सार्वत्रिक आहे की केवळ भाषेने निर्माण केलेला आहे हे तपासावे, असे ते म्हणत.

आफ्रिका व महाराष्ट्र ह्यांच्या परिस्थितीत एक मूलभूत फरक आहे. आफ्रिकेला तत्त्वज्ञान नाही असे सांगण्यात आले. भारताला ते आहे, पण ते प्राचीन, संस्कृतात बद्ध आणि सर्वस्वी आध्यात्मिक आहे, असे सांगण्यात आले. पहिल्या विधानाने अपमान होतो. दुसऱ्याने गौरवाच्या मिषाने वर्तमानकाळच नाकारला जातो. हा गौरव येथील विद्वानांनी पुष्कळदा आनंदाने स्वीकारला आणि म्हणूनच त्यातून बाहेर पडणे अधिक अवघड गेले.

पूर्वपीठिका : मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१८५७) इंग्रजी महाविद्यालयांतून तर्कशास्त्र व नीतिशास्त्र ह्यांचे अध्यापन सुरू झाले. मिल व स्पेन्सर ह्यांचा प्रभाव गो. ग. आगरकर ह्यांच्या लेखनात स्पष्ट दिसतो. लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ (१९१५) टीकाग्रंथ असूनही त्यात कांट, ग्रीन, मिल, स्पेन्सर ह्यांच्या मतांची चिकित्सा मराठीत केलेली आहे. पाश्चात्त्य नीतिविचाराला प्रतिपक्ष मानून त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालणारा एवढा मोठा मराठी ग्रंथ पूर्वी झाला नव्हता. याउलट गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) ह्यांनी उपनिषदांवरील व महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील आपले प्रमुख ग्रंथ इंग्रजीत लिहिले. त्यांचा वाचक जगभरचा होता. मात्र ज्या वारकऱ्यांच्या अभंगांविषयी ते लिहीत होते, ते त्या वाचकांत नव्हते.

खानदेशातील अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ ह्यांच्या औदार्याने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था स्थापन झाली. साने गुरुजी काही काळ तेथे अभ्यासासाठी होते. घ. र. मलकानी, रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ह्यांच्यासारखे अभ्यासक ह्या लहानशा गावी एकत्र आले. तेथील ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ ह्या नियतकालिकाला देशभर मान होता. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य (१८७५–१९४९) १९३३ च्या सुमारास ह्या संस्थेचे संचालक होते. त्यांनी त्यापूर्वी काही वर्षे दिलेले ‘विचारांतील स्वराज्य’ ह्या आशयाचे इंग्रजी व्याख्यान त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. राजकीय पारतंत्र्य जाणवते. पण परक्या कल्पना आपल्या अनुभवाशी ताडून न पाहता स्वीकारणे हे पारतंत्र्य जाणवतही नाही, हा त्यातील मुख्य विचार होय. विरेडू ह्यांच्या भूमिकेशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. तथापि हे व्याख्यान इंग्रजीत दिले गेले व अमळनेर येथील कामकाजही प्रामुख्याने इंग्रजीतच चालत असे.

संस्था व ग्रंथनिर्मिती : स्वातंत्र्यानंतर, विशेषतः महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर (१९६०), कला शाखेत मराठी माध्यम क्रमाने रूढ होत गेले आणि तत्त्वज्ञान मराठीत शिकविण्याची निकड उत्पन्न झाली. दे. द. वाडेकर ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत प्रसिद्ध झाला (१९७४). नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पाठ्यग्रंथ काढले. ग. ना. जोशी ह्यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास लिहिला आणि पुढे भारतीय तत्त्वज्ञानाचा बृहद् इतिहास बारा खंडांत सिद्ध केला. पुणे विद्यापीठात सुरेंद्र बारलिंगे (१९१९–९७) ह्यांच्या पुढाकाराने १९७३ पासून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघू लागले. अमळनेरच्या नियतकालिकाची परंपरा त्याने पुढे चालविली. १९७९ मध्ये ‘परामर्श’ हे मराठी त्रैमासिक सुरू झाले. केवळ तत्त्वज्ञानाला वाहिलेले आणि मराठीत वाद घालण्याची सवय लावणारे नियतकालिक म्हणून ‘परामर्श’चे महत्त्व पाठ्यग्रंथांपेक्षा अधिक आहे. पाठ्यग्रंथ परक्याचे मत सांगतो; नियतकालिकात मत मांडावे लागते आणि पुढच्या अंकात त्याला उत्तर मिळते.

वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’ मासिक (१९४७) विद्यापीठ व सुशिक्षित वाचक ह्यांच्यामधील दुवा ठरले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) हे पारंपरिक पद्धतीने शास्त्राध्ययन केलेले पंडित. ते मानवेंद्रनाथ रॉय ह्यांच्या विचारांकडे वळले, त्यांनी ‘जडवाद’ हे पुस्तक लिहिले व हिंदू धर्माची समीक्षाही केली. शास्त्री म्हणून त्यांचा अधिकार निर्विवाद असल्यामुळे त्यांची टीका ‘इंग्रजी शिक्षणाचा परिणाम’ म्हणून बाजूस सारता येत नव्हती. मे. पुं. रेगे (१९२४–२०००) ह्यांनी ‘नवभारत’मधून पाश्चात्त्य विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाची काटेकोर पद्धत मराठीत आणली, पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहासही त्यांनी लिहिला. त्यांच्या गद्यात परिभाषेचा बोजा जाणवत नाही. कठीण युक्तिवाद साध्या वाक्यांत मांडता येतो, ह्याचा तो उत्तम दाखला आहे. विदर्भात दि. य. देशपांडे (१९१७–२००५) ह्यांनी विवेकवादाचा पुरस्कार केला. आगरकरांच्या ‘सुधारक’चा वारसा नावातच सांगणारे त्यांचे ‘आजचा सुधारक’ हे मासिक १९९० मध्ये नागपूर येथे सुरू झाले. वारकरी परंपरा व महाविद्यालय ह्यांना जोडणारे शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) ह्यांचा उल्लेखही आवश्यक आहे. पुण्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व प्राचार्य असलेले दांडेकर कीर्तनकार म्हणून फडावर उभे राहत. ज्ञानेश्वरांचा ‘अनुभवामृत’ हा स्वतंत्र तात्त्विक ग्रंथ मराठीतच आहे. मराठीत तत्त्वज्ञान करता येईल काय, ह्या विसाव्या शतकातील शंकेचे उत्तर अशा रीतीने तेराव्या शतकातच मिळालेले होते. मध्यंतरी ते विसरले गेले होते, एवढेच.

परिभाषेचा प्रश्न : मराठी माध्यमाबरोबर पारिभाषिक शब्दांची मोठी गरज निर्माण झाली आणि ती संस्कृताच्या आधारे भागविण्यात आली. ज्ञानमीमांसा, सत्ताशास्त्र, चिद्वाद, प्रत्यक्षार्थवाद इ. संज्ञा ह्या प्रयत्नातून स्थिर झाल्या. संस्कृत शब्द नेमका असतो व त्यापासून नवे शब्द साधता येतात, ही ह्या पद्धतीची सोय होय. परंतु संस्कृत ही रिकामी भाषा नव्हे. तिच्यातील शब्दांना दर्शनांनी शतकानुशतके निश्चित अर्थ दिलेले आहेत आणि नव्या उपयोगात ते जुने अर्थ डोके वर काढतात. देकार्तच्या द्वैतवादाची मांडणी मराठीत ‘मन व शरीर’ अशी केली जाते. पण सांख्यांच्या मते मन हे प्रकृतीचेच कार्य, म्हणजे जड होय. न्यायदर्शनात ते अणुपरिमाणाचे एक आंतरिक इंद्रिय आहे. चैतन्याची बाजू ह्या दर्शनांत पुरुष किंवा आत्मा ह्यांच्याकडे असते. तेव्हा ‘मन व शरीर ह्यांचा संबंध कसा जुळतो?’ असे विचारल्यास सांख्याला त्यात फारशी अडचणच दिसत नाही, कारण दोन्ही जडच. अडचण दिसावी म्हणून प्रश्न ‘आत्मा व शरीर’ असा बदलला, तर देकार्तला नको असलेले पुनर्जन्मादी विषय आत शिरतात. तीच गोष्ट ‘ज्ञान’ ह्या शब्दाची. पाश्चात्त्य विचारात असत्य ज्ञान हा वदतोव्याघात ठरतो. नैयायिकांच्या परिभाषेत मात्र भ्रम हाही ज्ञानाचाच प्रकार आहे आणि यथार्थ अनुभवाला ‘प्रमा’ हा वेगळा शब्द आहे. विद्यार्थी ‘ज्ञान’ हा एकच शब्द सकाळच्या तासाला एका अर्थी व दुपारच्या तासाला दुसऱ्या अर्थी वापरतो आणि हा बदल त्याच्या लक्षात आणून दिला जातोच असे नाही.

बोलभाषेतील मराठीत स्वतःची अशी काही साधने आहेत, त्यांच्याकडे परिभाषाकारांचे तुलनेने कमी लक्ष गेले. ‘हा कावळा काळा आहे’ आणि ‘कावळा काळा असतो’ ह्या दोन वाक्यांत मराठी भाषक क्रियापदानेच भेद करतो. पहिले वाक्य समोरच्या एका वस्तुस्थितीविषयी आहे, दुसरे सर्वसाधारण नियमाविषयी. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद चालते. विशिष्ट घटना व नियम ह्यांतील भेद हा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील महत्त्वाचा विषय असून मराठी व्याकरण तो आयताच हाती देते. असे असूनही तर्कशास्त्राच्या वर्गात ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ हे वाक्य पाठ केले जाते. घरी कोणीही ‘माणसे मर्त्य असतात’ असेच म्हणेल. ‘खरे’ ह्या शब्दाचेही तसेच आहे. खरे बोलणे, खरे नाणे, खरा मित्र ह्या प्रयोगांत विधानाची सत्यता, वस्तूचा अस्सलपणा व व्यक्तीचा प्रामाणिकपणा एका शब्दात एकवटले आहेत. विरेडू ह्यांनी आकान भाषेतील सत्यवाचक शब्दाविषयी काहीसे असेच निरीक्षण नोंदविले आहे.

दोन परंपरांची परिभाषा समोरासमोर आणण्याचा एक उल्लेखनीय प्रयोग पुणे येथे १९८३ मध्ये झाला. दया कृष्ण, मे. पुं. रेगे इत्यादींनी योजिलेल्या ह्या संवादात न्यायशास्त्राचे पंडित व पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले प्राध्यापक एकत्र बसले. चर्चेचा विषय बर्ट्रंड रसेलची विधानविषयक उपपत्ती हा होता. रेगे ह्यांनी इंग्रजीतील प्रश्न संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवले. एरवी पंडितांकडे माहितीचा साठा म्हणून पाहिले जाई. येथे प्रथमच रसेलच्या मतावर त्यांचा अभिप्राय समकालीन तत्त्वज्ञ म्हणून विचारण्यात आला. त्यांच्या परंपरेत वाक्य आहे, वाक्यापासून होणारा बोध आहे, बोधाचा विषय आहे. ह्या तिहींहून वेगळे, वाक्यांच्या पलीकडे राहणारे ‘विधान’ मानण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न त्यातून पुढे आला. हा प्रश्न खुद्द पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही वादग्रस्त आहे. ह्या संवादाचा वृत्तांत १९९१ मध्ये ‘संवाद’ ह्या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रयोग मोलाचा होता. मात्र तो संस्कृत व इंग्रजी ह्यांच्यात झाला, ज्या शहरात तो झाला तेथील भाषा त्यात प्रेक्षकाच्या जागी होती.

विद्यापीठांबाहेरील धारा : शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन व संबंध ह्यांबरोबर त्या ग्रंथाचा अधिकारी कोण, हेही सांगण्याची रीत होती. ह्या चार गोष्टींना ‘अनुबंधचतुष्टय’ म्हणतात. महाराष्ट्रातील आधुनिक विचारांची एक धारा ह्या ‘अधिकारी’ कल्पनेलाच हात घालते. जोतीराव फुले (१८२७–९०) ह्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. येथील शूद्रातिशूद्र व तेथील आफ्रिकी वंशाचे गुलाम ह्यांचा प्रश्न एकत्र पाहण्याची ही दृष्टी त्या काळी असामान्य होती. फुल्यांनी जगत्कर्त्यासाठी ‘ईश्वर’ हा रूढ शब्द टाळून ‘निर्मिक’ हा शब्द योजिला. ईश्वर म्हटले की अवतार, पुराणे व पुरोहित मागोमाग येतात. ‘निर्मिक’ म्हटल्याने निर्माता व त्याने समान निर्माण केलेली माणसे एवढेच उरते. परिभाषा समित्यांच्या पुष्कळ आधी झालेले हे शब्दकार्य तात्त्विक स्वरूपाचे आहे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमांनी त्याची दखल फार उशिरा घेतली.

कोल्हापूर संस्थानात वेदोक्त प्रकरणाने (१८९९ नंतर) हाच अधिकाराचा वाद राजवाड्यापर्यंत नेला. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले व छत्रपतींच्या गादीवर दत्तक आलेले शाहू महाराज (१८७४–१९२२) ह्यांनाही वेदमंत्रांचा अधिकार नाकारण्यात आला; सत्यशोधक विचाराला त्यांनी पुढे जो आश्रय दिला, त्यामागे हा अनुभव होता. कागल जहागिरीतील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष भीमराव आंबेडकर होते व शाहू महाराजांनी तेथे त्यांच्या नेतृत्वाचा गौरव केला. कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीमुळे आज उद्योगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ह्या टापूचे वैचारिक इतिहासातील स्थान असे आहे.

बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई ह्यांचे विद्यार्थी होते. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार त्यांनी जातिसंस्थेच्या चिकित्सेत उपयोगात आणला. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ ह्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात (१९५७) त्यांनी धर्म व धम्म ह्यांत भेद केला : धर्माचा संबंध ईश्वर, आत्मा व विधी ह्यांच्याशी, तर धम्माचा माणसाने माणसाशी कसे वागावे ह्याच्याशी. ‘धर्म’ ह्या मराठी शब्दात कर्तव्य, पंथ, गुणधर्म व दानधर्म असे अनेक अर्थ गुंतलेले आहेत. त्यातील एक अर्थ वेगळा काढण्यासाठी आंबेडकरांनी संस्कृत रूप सोडून पाली रूप घेतले आणि तो शब्द लक्षावधी लोकांच्या रोजच्या बोलण्यात गेला. समितीने घडविलेले शब्द बव्हंशी कोशात राहिले. वादाच्या गरजेतून घडलेले शब्द लोकांनी उचलले, असे ‘निर्मिक’ व ‘धम्म’ ह्यांवरून म्हणावे लागते.

धुळ्याचे शरद पाटील (१९२५–२०१४) ह्यांनी मार्क्सवादाची फुले–आंबेडकरांच्या विचारांशी सांगड घालून ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ (१९८२) व अन्य ग्रंथांतून जात, वर्ग व स्त्रीदास्य ह्यांचा एकत्रित विचार मांडला. त्यासाठी त्यांनी संस्कृत व्याकरणाचा स्वतंत्रपणे अभ्यास केला आणि बौद्ध सौत्रांतिक ज्ञानमीमांसेचा आधार घेतला. भारतीय परंपरा म्हणजे वेदान्त हे समीकरण नाकारून त्याच परंपरेतील दुसरे पूर्वसूरी शोधण्याचा हा मार्ग होता. सदाशिव आठवले व आ. ह. साळुंखे ह्यांचे चार्वाकांविषयीचे मराठी ग्रंथ ह्याच मार्गावरील आहेत. पाटील ह्यांची व्युत्पत्तिविषयक अनुमाने सर्वत्र टिकणारी नाहीत; परंतु ज्ञानमीमांसा व जातिसंस्था ह्यांचा संबंध त्यांनी जितक्या चिकाटीने तपासला, तितका विद्यापीठीय तत्त्वज्ञांनी क्वचितच तपासला.

भालचंद्र नेमाडे ह्यांचा देशीवाद (‘साहित्यातील देशीयता’, १९८३) साहित्यचर्चेतून निघाला असला, तरी त्याचा आशय व्यापक आहे. प्रत्येक संस्कृतीने आपल्या भूमीतील मूल्यांच्या आधारे नवे स्वीकारावे व पारखावे, अनुकरणाने निर्माण होणारे साहित्य उपरे ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सेनेगलचे कवी व राष्ट्राध्यक्ष लेओपोल सेंघोर ह्यांच्या कृष्णवर्णीय अस्मितावादावर जे आक्षेप घेतले गेले, तशाच स्वरूपाचे आक्षेप देशीवादावरही घेतले गेले : ‘देशी’ म्हणजे नेमके काय हे ठरविणार कोण, आणि जातिव्यवस्था ही देशीच नव्हे काय? ह्या दुसऱ्या आक्षेपाला देशीवादाकडून पुरेसे उत्तर मिळालेले नाही.

अलीकडच्या काळात अधिकाराचा प्रश्न विद्यापीठीय चर्चेतही आला. गोपाळ गुरू ह्यांनी २००२ मधील आपल्या इंग्रजी निबंधात भारतीय समाजविज्ञानांत सिद्धांत मांडणारे उच्चवर्णीय व केवळ अनुभव पुरविणारे बहुजन अशी विभागणी झाल्याचे दाखविले. सुंदर सरुक्काई ह्यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेल्या ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) ह्या ग्रंथात अनुभव व सिद्धांत ह्यांच्या संबंधाची चर्चा संवादरूपाने पुढे नेलेली आहे. ज्याचा अनुभव, त्यालाच त्याचा सिद्धांत मांडण्याचा अधिकार काय, हा त्यातील वादाचा मुद्दा होय. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे (१९६४–२०१३) ह्यांनी दलित स्त्रियांच्या भूमिकेवरून ज्ञानाकडे पाहण्याची आवश्यकता प्रतिपादिली. मात्र ही भूमिका जन्माने आपोआप प्राप्त होत नाही व इतरांना ती अभ्यासाने घेता येते, असेही त्यांनी म्हटले. बौद्ध तर्कशास्त्र व चार्वाकदर्शन ह्यांचे अभ्यासक प्रदीप गोखले ह्यांनी आंबेडकरांच्या बौद्धविचाराची चिकित्सा तत्त्वज्ञानाच्या शिस्तीत आणली आणि दोन धारांमधील अंतर काही प्रमाणात कमी केले. ह्या चर्चेतील पुष्कळसे लेखन इंग्रजीत झाले असून फुले, आंबेडकर व पाटील ह्यांचे मराठी-इंग्रजी साहित्य हा त्याचा मुख्य आधार आहे.